नाण्यावरची सराफाची खूण: डाग की डेटा?

जुन्या नाण्यांच्या लिलावाची एखादी यादी उघडून बघा. मुघल काळातला रुपया असेल, तर वर्णनात 'सराफी खुणा आहेत' असं कुठेतरी लिहिलेलं सापडतं, आणि बहुतेक वेळा किंमतही त्यामुळे उतरलेली असते. नाणं हातात आलं की सराफ चांदी खरी आहे का ते तपासायचा आणि आपला छोटासा ठसा मारून ठेवायचा. त्याच्या लेखी ती खात्रीची खूण होती. आजच्या बऱ्याच संग्राहकांना मात्र ती इजा वाटते, कारण त्यांना नाणं टाकसाळीतून निघालं तसंच हवं असतं.

त्यांच्या आवडीशी माझं भांडण नाही. पण तुम्ही संशोधनात येणार असाल, तर या आवडीने तुमचा नमुना कसा बिघडतो हे आधी समजून घ्या. दामोदर धर्मानंद कोसंबींचं आहत नाण्यांवरचं काम हे त्याचं मला आवडलेलं उदाहरण आहे.

आहत नाणी म्हणजे चांदीचे कापलेले तुकडे. प्रमाण वजन ३२ रत्ती, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅमच्या आत. एका बाजूला सहसा पाच ठसे असतात: सूर्य, टेकडी, प्राणी वगैरे. कॅटलॉगमध्ये फोटो याच बाजूचा. दुसऱ्या बाजूला बारीक बारीक खुणा असतात, कधी एकही नसते, कधी पुष्कळ असतात.

कोसंबी मूळचे गणिती. १९४० च्या सुमारास त्यांनी तक्षशिलेच्या ठेव्यांतली नाणी तराजूच्या नजरेतून पाहिली. वापरात नाणं झिजतं. किती आणि कसं, हे तपासायला त्यांनी त्यांच्या काळातली चलनातली नाणीही तोलली. (कंट्रोल म्हणजे काय, हे शिकायला याहून सोपं उदाहरण शोधून सापडणार नाही.) झीज वाढत जाते तसं सरासरी वजन घटतं, आणि नाण्यानाण्यांमधला फरक वाढतो. मग त्यांनी जुन्या ठेव्यातली नाणी मागच्या खुणांच्या संख्येप्रमाणे लावली. खुणा जितक्या जास्त, तितकं सरासरी वजन कमी!

आता इथे थांबून विचार करा. ठसा मारल्याने चांदी उडत नाही, फक्त दबते. म्हणजे वजन खुणांमुळे घटलेलं नाही. दोन्ही गोष्टी वाढतात त्या काळाबरोबर. कोसंबींचा निष्कर्ष असा, की व्यापारी ठरावीक काळाने नाणी तपासून खूण करत असावेत. तसं असेल, तर मागच्या खुणा हे त्या नाण्याचं घड्याळच झालं. हा अर्थ आहे, थेट पुरावा नव्हे. पण तो आकड्यांवर उभा आहे.

हे जमलं, कारण ठेव्यातली झिजकी नाणीही जागेवर होती. तोच ठेवा बाजारात फुटला असता, तर ठसठशीत नाणी आधी उचलली गेली असती आणि घासलेली कुठल्यातरी डब्यात पडली असती. उरलेल्या देखण्या नाण्यांची सरासरी काढून काय हाती लागणार? शिवाय विक्रीआधी नाणं ॲसिडने चकचकीत केलं, की काही मिलिग्रॅम गेलेच. कोसंबींची पद्धत अशाच छोट्या फरकांवर चालते.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा ठेवा मिळाला, १३ हजारांहून जास्त नाण्यांचा. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे, कित्येकदा थेट नहपानाच्या चेहऱ्यावर. गंमत म्हणजे या ठशाला कोणी डाग म्हणत नाही. राजाचा ना तो! पण ठेवा पुरला गेला तेव्हा साधारण दोन-तृतीयांश नाण्यांवर नव्या सत्तेची मोहर बसली होती, हे आपल्याला कळलं ते कोणीतरी बसून सगळी नाणी मोजली म्हणून. नुसते स्वच्छ चेहरे निवडले असते, तर उरलेली चार हजारच दिसली असती.