गिअरचा दांडा आणि पेटंटची परीक्षा

गळीत हंगाम सुरू झाला की बीड जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांसमोर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. मागे दोन ट्रॉल्या, त्यावर रचलेला ऊस. रांग जराशी सरकते, थांबते, पुन्हा सरकते. ड्रायव्हरचा पाय सतत क्लचवर आणि हात गिअरच्या दांड्यावर. अशा रांगेशेजारी गॅरेज चालवणाऱ्या मेकॅनिकच्या मनात कधीतरी येतंच: हा दांडा मोटरने हलवला तर? बटण दाबलं की गिअर पडावा.

असा गिअर टाकून देणारं साधन म्हणजे शिफ्ट ॲक्च्युएटर. कुणी ते खरंच बनवलं, की पहिला सल्ला मिळतो, 'पेटंट करून टाक.' त्या सल्ल्यासोबत अर्धवट माहितीचं गाठोडंही मिळतं. ते आज सोडून बघू. उदाहरणाला एक कल्पित ॲक्च्युएटर घेऊ, केजच्या एका मेकॅनिकने बनवलेला.

आधी यंत्र समजून घेऊ. गिअरचा दांडा दोन कामं करतो. आडवा हलवला की कोणता गिअर हवा ते ठरतं. पुढे-मागे ढकलला की तो गिअर पडतो. आत एक फोर्क खाचेत बसलेला असतो, तो सरकतो आणि दात दातांत गुंततात. मोटारसायकलमध्ये हेच काम गोल ड्रम करतो. त्याच्या अंगावर वाकड्या खाचा असतात. ड्रम फिरला की फोर्क त्या खाचेप्रमाणे सरकतात. आपल्या मेकॅनिकने असाच ड्रम छोट्या मोटरने फिरवला. पण दातावर दात आला की मोटर अडायची आणि तापायची. म्हणून त्याने ड्रम आणि फोर्कच्या मध्ये स्प्रिंग बसवली. दात जुळेपर्यंत स्प्रिंग दबून थांबते. शिवाय स्प्रिंग किती दबली हे एक सेन्सर मोजतो, आणि मोटर तेवढ्या मापाने मागे येऊन पुन्हा प्रयत्न करते.

आता हा ॲक्च्युएटर पेटंट कार्यालयाच्या दारात नेऊ.

गैरसमज १: अर्ज प्रसिद्ध झाला म्हणजे पेटंट मिळालं.

वस्तुस्थिती: प्रत्येक अर्ज साधारण १८ महिन्यांनी पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये आपोआप प्रसिद्ध होतो. तोवर त्यातला मजकूर कोणी तपासलेला नसतो. 'अमुक महाविद्यालयाचं पेटंट प्रकाशित' अशा बातम्या वाचताना एवढं ध्यानात ठेवावं.

परीक्षण हवं तर त्याची वेगळी मागणी, म्हणजे फॉर्म १८, भरावी लागते. १५ मार्च २०२४ च्या नियमांपासून ती अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांत भरायची आहे. पूर्वी ही मुदत ४८ महिने होती. मागणीच केली नाही तर अर्ज मागे घेतला असं कायदा मानतो. कित्येक अर्ज असेच संपतात आणि अर्जदार मात्र 'माझं पेटंट आहे' असं समजून चालतो.

याच गोंधळाचं दुसरं रूप आपल्याच जिल्ह्यात ऐकू येतं. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, पण लोक त्यालाही 'पेटंट' म्हणतात. मानांकन त्या भागातल्या मालाच्या नावाला संरक्षण देतं, पेटंट नव्या शोधाला. वस्तूच्या दिसण्याची नोंदणी होते ती डिझाइन कायद्याखाली. तिन्हींचे कायदे वेगळे, मुदती वेगळ्या.

गैरसमज २: परीक्षक यंत्र चालवून बघतो.

वस्तुस्थिती: परीक्षण कागदावर होतं. कायद्यात नमुना मागवायची तरतूद आहे, पण परीक्षकाचं रोजचं काम वाचण्याचं आणि शोधण्याचं. तो अर्जातले दावे वाचतो. दावा म्हणजे 'एवढं माझं' असं सांगणारं नेमकं वाक्य. शेताच्या चतु:सीमा खरेदीखतात जितकं बोलतात, त्याहून जास्त हे वाक्य शोधाच्या हद्दीबद्दल बोलतं.

यंत्र रस्त्यावर सुरक्षित आहे का, हे तपासणाऱ्या संस्था वेगळ्या. पुण्यात १९६६ पासून असलेली एआरएआय ही त्यातली एक. तिचं प्रमाणपत्र मिळाल्याने पेटंट मिळत नाही आणि पेटंट मिळाल्याने गाडी रस्त्यावर आणायची परवानगी मिळत नाही.

गैरसमज ३: आमच्या भागात कुणाकडे नाही, म्हणजे नवीन आहे.

वस्तुस्थिती: 'नवीन' म्हणजे जगात नवीन. अर्जाच्या तारखेपूर्वी कुठल्याही देशात, कुठल्याही भाषेत छापलेला मजकूर आडवा येऊ शकतो. पेटंट कार्यालयांनी शोधांचे कप्पे केलेले आहेत. गिअर बदलणाऱ्या मोटरी आणि ॲक्च्युएटर यांचा कप्पा आहे एफ१६एच ६१/३२. आपल्या मेकॅनिकने अर्जाआधी एक संध्याकाळ हाच कप्पा इंटरनेटवर चाळला तर अर्धी परीक्षा घरीच होईल.

तिथे त्याला काय दिसेल? हाताने दांडा न हलवता गिअर टाकायची कल्पना जुनी आहे. १९८९ मध्ये फेरारीची फॉर्म्युला वन गाडी स्टिअरिंगमागच्या पट्टीने गिअर बदलत ब्राझीलची शर्यत जिंकली होती. दाबाच्या तेलावर चालणारे ॲक्च्युएटर ते काम करत होते. आपल्याकडे २०१४ मध्ये मारुती सेलेरिओ क्लच पेडलशिवाय आली. तिच्यात नेहमीचाच गिअरबॉक्स आहे. क्लच आणि दांडा सांभाळायला वरून ॲक्च्युएटर बसवलेत. तेव्हा 'मोटरने गिअर बदलणारं साधन' एवढाच दावा केला तर तो टिकणार नाही. टिकेल तो फरक.

गैरसमज ४: जुन्या भागांची नवी जोडणी म्हणजे शोधच. किंवा उलट: छोट्या सुधारणेला पेटंट मिळतच नाही.

वस्तुस्थिती: दोन्ही टोकं चूक आहेत, आणि परीक्षणाचा खरा कस इथेच लागतो.

१९७० च्या पेटंट कायद्यात शोधाला तीन अटी आहेत: नावीन्य, उद्योगात वापरता येणं, आणि तिसरी 'इन्व्हेंटिव्ह स्टेप'. आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती हवी किंवा आर्थिक महत्त्व हवं, आणि त्या विषयातल्या जाणकाराला ती गोष्ट सहज सुचण्यासारखी नसावी. हा जाणकार म्हणजे प्रतिभावंत नव्हे, नवशिकाही नव्हे. आपलं काम चोख येणारा कसबी माणूस.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७८ मध्ये भांडी बनवण्याच्या एका पद्धतीवरून ही रेघ आखून दिली. लेथवर भांडं धरण्याच्या साधनाचं ते पेटंट होतं. न्यायालयाने ते रद्द ठरवलं, कारण कारखान्यातली नेहमीची सुधारणा शोध होत नाही. कलम ३(एफ) हेच दुसऱ्या बाजूने सांगतं: माहीत असलेली साधनं नुसती शेजारी मांडली आणि प्रत्येक आपलं जुनंच काम स्वतंत्रपणे करत राहिलं, तर तो शोध नाही.

आता आपला ॲक्च्युएटर. समजा, मेकॅनिकने पहिला दावा असा लिहिला: 'मोटर, मोटरने फिरणारा खाचांचा ड्रम, आणि ड्रम व फोर्क यांच्यामध्ये स्प्रिंग असलेलं गिअर बदलणारं साधन.' परीक्षक दोन जुनी कागदपत्रं काढतो. एकात मोटरने फिरणारा ड्रम आहे. दुसऱ्यात दात जुळेपर्यंत दबून थांबणारी स्प्रिंग आहे. कोणत्याही एका कागदात सगळं नाही, म्हणून नावीन्य शाबूत. पण परीक्षक म्हणतो, मोटर अडते हे कळल्यावर कसबी माणूस स्प्रिंगच शोधेल. हरकत रास्त आहे.

मग मेकॅनिक आपलं वर्णन पुन्हा वाचतो. त्यात चौथ्या पानावर एक ओळ आहे: स्प्रिंग किती दबली ते सेन्सर मोजतो आणि मोटर त्याच मापाने मागे येऊन पुन्हा ढकलते. दोन्ही जुन्या कागदांत स्प्रिंग फक्त वाट बघते. इथे तीच स्प्रिंग मोजपट्टीचंही काम करते, आणि त्या मापावर मोटरची पुढची चाल ठरते. भाग ओळखीचे, पण ते आता एकमेकांच्या आधाराने चालतात. दाव्यात ही गोष्ट घातली आणि त्यामुळे मोटर कमी तापते, गिअर कमी वेळात पडतो हे आकड्यांनिशी दाखवलं, की परीक्षकाशी बोलायला भक्कम जागा मिळते.

गैरसमज ५: परीक्षण अहवाल आला म्हणजे अर्ज फेटाळला.

वस्तुस्थिती: एफईआर, म्हणजे पहिला परीक्षण अहवाल, ही हरकतींची यादी असते. कोणत्या कलमाखाली, कोणत्या जुन्या कागदामुळे, कोणत्या दाव्यावर आक्षेप आहे, हे त्यात लिहिलेलं असतं. उत्तर द्यायला ६ महिने असतात; ती मुदत संपायच्या आत अर्ज केला तर आणखी ३ महिने मागता येतात. पत्र बघून घाबरून ते कपाटात ठेवणं सगळ्यात महाग पडतं, कारण उत्तर न दिलेला अर्ज सोडून दिला असं धरलं जातं.

उत्तरात दावे आखडते घेता येतात, चुका दुरुस्त करता येतात, खुलासा देता येतो. पण मूळ अर्जात नसलेली गोष्ट नंतर घुसवता येत नाही. कलम ५९ ची ती ठाम अट आहे. म्हणजे चौथ्या पानावरची ती ओळ पहिल्या दिवशी लिहिली नसती, तर सेन्सर यंत्रात असूनही अर्जात नव्हता असाच त्याचा अर्थ झाला असता.

उत्तरानंतरही हरकत उरली तर सुनावणी होते, आणि ती व्हिडिओवर होते. बीडचा अर्ज अँटॉप हिलच्या मुंबई कार्यालयात जातो, पण तो तपासणारा परीक्षक देशातल्या चारपैकी कोणत्याही कार्यालयातला असू शकतो. अर्ज नाकारला गेलाच तर उच्च न्यायालयात अपील आहे. आधी ते ज्या मंडळाकडे जायचं, ते २०२१ मध्ये बरखास्त झालं.

गैरसमज ६: आधी लोकांना दाखवू, गाजू देऊ, मग अर्ज करू.

वस्तुस्थिती: ही चूक सगळ्यात जास्त नुकसान करते. कृषी प्रदर्शनात मांडलेलं यंत्र, यूट्यूबवर टाकलेला व्हिडिओ, स्नेहसंमेलनातलं पोस्टर: आपलीच प्रसिद्धी आपल्याच अर्जाच्या आड येते. कायद्यात सवलती आहेत, पण अरुंद. सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेलं प्रदर्शन किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध, त्यानंतर १२ महिन्यांत अर्ज. उघड्यावर केल्याशिवाय होणारच नाही अशी वाजवी चाचणी असेल, तर तिलाही एक वर्षाची सूट आहे. मित्राने मोबाइलवर काढून पसरवलेल्या व्हिडिओला ही सवलत मिळेल, असा भरवसा कुणी ठेवू नये.

यावर साधा उपाय आहे. काम पूर्ण झालेलं नसलं तरी तात्पुरता अर्ज करता येतो. तारीख आपल्या नावावर होते आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. फक्त त्या तात्पुरत्या अर्जातही शोधाचा गाभा असायला हवा. मथळा आणि दोन ओळींनी काही साधत नाही.

गैरसमज ७: पेटंट म्हणजे कंपन्यांचं काम, लाखोंचा खर्च.

वस्तुस्थिती: व्यक्तीने ऑनलाइन केलेल्या अर्जाचं सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे, ३० पानं आणि १० दाव्यांपर्यंत. परीक्षणाच्या मागणीला ४,००० रुपये. स्टार्टअप, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्था यांनाही हाच दर. अर्जदारांत महिला असेल किंवा अर्जदार स्टार्टअप असेल, तर जलद परीक्षणही मागता येतं. खरा खर्च अर्ज लिहून घेण्याचा असतो आणि तो करण्यासारखा असतो, कारण दाव्यातला एकेक शब्द पुढे २० वर्षं मोजला जातो. पेटंट मिळाल्यावर ते जिवंत ठेवायला तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण शुल्क भरावं लागतं.

गैरसमज ८: पेटंट हातात आलं की नक्कल बंद.

वस्तुस्थिती: पेटंट त्या देशापुरतं असतं, जागतिक पेटंट नावाची गोष्ट नाही. नक्कल कोणी करतंय का, हे मालकानेच बघायचं आणि दिवाणी न्यायालयात त्यानेच जायचं. मंजूर झालेल्या पेटंटलाही एक वर्षाच्या आत विरोध करता येतो, आणि पुढे न्यायालयातही आव्हान देता येतं.

याचं मोठं उदाहरण आपल्या शेजारचंच. वाळूजला कारखाना असलेल्या पुण्याच्या बजाज ऑटोला दोन स्पार्क प्लगच्या इंजिनाचं पेटंट २००५ मध्ये मिळालं. टीव्हीएसने फ्लेम ही मोटारसायकल आणली आणि वाद मद्रास उच्च न्यायालयात गेला. बजाजचा दावा लहान व्यासाच्या सिलिंडरला दोन प्लग लावण्याचा. टीव्हीएसचं म्हणणं, आमच्या इंजिनात तीन व्हॉल्व्ह आहेत, रचना वेगळी आहे. २००८ मध्ये मनाई हुकूम मिळाला, २००९ मध्ये खंडपीठाने तो उठवला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने असे खटले रोजच्या रोज चालवून लवकर संपवा, असं बजावलं. तरीही वाद मिटला तो २०१९ मध्ये, आपसात. एवढ्या मोठ्या कंपन्यांची सगळी लढाई अखेर दाव्यातल्या शब्दांच्या अर्थावर चालली होती.

म्हणून गॅरेजमध्ये, पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये, लेथच्या शेजारी एक वही ठेवावी. कोणत्या दिवशी काय अडलं, काय बदललं, बदलल्यावर किती फरक पडला, हे तारीख घालून लिहावं. दात अडला, स्प्रिंग घातली, इतके मिलिमीटर दबली, मोटर मागे घेतली, गिअर पडला. परीक्षक जो फरक शोधतो, तो याच नोंदींत असतो, आणि चौथ्या पानावरची ती ओळ इथूनच अर्जात येते. आपल्याकडे हाताला कसब भरपूर आहे. ते कागदावर उतरवायची सवय लागली, तर एफ१६एच ६१/३२ च्या कप्प्यात बीड जिल्ह्याचा पत्ताही दिसेल.