वृद्धाश्रमातही हातपाय हलते हवेत!

‘आश्रमात कशाची कमी नाही हो. चहा जागेवर, जेवण जागेवर. पण सहा महिन्यांत बाबा फारच विसरायला लागले!’ असे सांगत नातेवाईक डॉक्टरांकडे येतात. खरी अडचण त्यांच्या बोलण्यातच असते. सगळे जागेवर मिळते, म्हणून बाबा जागचे हलत नाहीत. जन्मभर शेतात राबलेला माणूस दिवसभर खाटेवर बसला, की स्नायू झिजतात आणि मेंदूचे कामही कमी होते.

राज्य शासनाने १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रम योजना सुरू केली. मुले पुणे, मुंबई, सुरतेला स्थायिक झाल्याने जळगाव-धुळ्याकडच्या घरांनाही आता वृद्धाश्रम परका राहिलेला नाही. तेव्हा तिथला दिवस कसा जातो, हा प्रश्न आपलाही आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या दर १०० भारतीयांपैकी सुमारे ७ जणांना स्मृतिभ्रंश असावा.

चालण्याचा मेंदूशी संबंध काय?

चालण्याने रक्तदाब व साखर ताब्यात राहण्यास मदत होते आणि मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या जपल्या जातात. अमेरिकेत १२० ज्येष्ठांवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. वर्षभर नियमित चालणाऱ्या गटात, आठवणी साठवण्यास मदत करणारा मेंदूचा भाग सुमारे २ टक्के वाढला. केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात तोच भाग थोडा आक्रसला.

आश्रमात काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ज्येष्ठांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, झेपेल असा व्यायाम करावा. तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत. अर्धा तास सलग जमत नसेल, तर दहा-दहा मिनिटे तीनदा चालले तरी चालेल.

ज्यांना चालवत नाही, त्यांनी भक्कम खुर्चीवरून सावकाश उठावे व बसावे. असे आठ-दहा वेळा करावे. भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलाव्यात. गोल बसून चेंडू एकमेकांकडे टाकावा आणि टाकताना एकेका गावाचे नाव घ्यावे. आपल्या आजी जात्यावर दळता दळता ओव्या म्हणत, तेव्हा हात आणि डोके एकदमच कामाला लागत. तेच तत्त्व इथे आहे. भाजी निवडणे, झाडांना पाणी घालणे ही कामेही मदतनिसांनी आजी-आजोबांकडून हौसेने करून घ्यावीत.

काळजी कोणती घ्यावी?

खान्देशातल्या उन्हाळ्यात सकाळी लवकरच चालावे आणि पुरेसे पाणी प्यावे. अंथरुणातून एकदम उठू नये. सपाता घालून चालू नये. मागे पट्टा असलेले पादत्राण वापरावे. छातीत दुखले, धाप लागली किंवा चक्कर आली, तर लगेच थांबून डॉक्टरांना कळवावे. हृदयरोग असलेल्यांनी आधी सल्ला घ्यावा.

एक गैरसमज मात्र नको. व्यायामाने जडलेला स्मृतिभ्रंश बरा होत नाही. ब्रिटनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अशा रुग्णांची शारीरिक ताकद वाढली. स्मरणशक्ती मात्र सुधारली नाही. तरीही स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जाता येणे ही लहान गोष्ट नाही. शिवाय विसरणे म्हणजे दरवेळी स्मृतिभ्रंशच असे नव्हे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार, उदासीनता किंवा कमी ऐकू येणे हीदेखील कारणे असू शकतात आणि त्यांवर उपचार आहेत. म्हणून आधी तपासणी करून घ्यावी.

पुढच्या वेळी भेटायला जाल, तेव्हा पेढ्यांचा पुडा देऊन लगेच परतू नका. बाबांचा हात धरून अंगणात दोन फेऱ्या मारा, आणि चालता चालता अहिराणीतून जुन्या गप्पा काढा. त्यांना त्या औषधाइतक्याच गरजेच्या आहेत.