तीनदा ‘खट्’ व्हायला हवं

१९६०च्या दशकातली शेवरलेट नव्यानं उभी करणारा हौशी माणूस इंजिन उघडायला फारसा घाबरत नाही. पिस्टन, व्हॉल्व्ह, बेअरिंग सगळं डोळ्यांना दिसतं, मोजता येतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सपाशी मात्र त्याचे हात आखडतात, आणि त्यातही टॉर्क कन्व्हर्टरपाशी. हे जाडजूड पत्र्याचं गोल भांडं कारखान्यातूनच वेल्डिंग करून बंद होऊन येतं. आत काय चाललंय ते कळत नाही, म्हणून गाडी जागची हलली नाही की पहिला आळ त्याच्यावर येतो. नवा कन्व्हर्टर खराब निघाला असं म्हणत लोक तो परत पाठवतात, दुसरा आणतात, आणि तोही तसाच ‘खराब’ निघतो. माझं ठाम मत आहे की यातले बरेचसे कन्व्हर्टर निर्दोष असतात. चूक बसवण्यात झालेली असते, आणि गिअरबॉक्सचा पहिला बोल्ट आवळण्याआधी ती पकडता येते.

आधी हे भांडं करतं काय ते पाहू. ताक घुसळताना रवी फिरली की ताक फिरतं. त्या फिरत्या ताकात दुसरी रवी सोडली तर तीही फिरू लागेल. कन्व्हर्टरमध्ये इंजिनला जोडलेलं पात्यांचं चाक, म्हणजे इम्पेलर, तेल भिरकावतं. समोरचं टर्बाइन त्या तेलाच्या माऱ्यानं फिरतं आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवतं. एवढंच असतं तर त्याला नुसतं फ्लुइड कपलिंग म्हटलं असतं. खरी करामत दोघांच्या मधल्या स्टेटरची. टर्बाइनमधून परतणाऱ्या तेलाची दिशा तो वळवतो, त्यामुळे गाडी जागची हलताना इंजिनचा टॉर्क सुमारे दुपटीनं वाढून पुढे जातो. स्टेटर एकाच दिशेनं फिरू शकतो. गाडीनं वेग घेतला की तो मोकळा होतो आणि तेलाबरोबर फिरू लागतो.

ही कल्पना मोटारीसाठी निघालीच नव्हती. हर्मान फोटिंगर हा जर्मन इंजिनिअर श्टेटिनच्या फुल्कान जहाजबांधणी कारखान्यात होता. वाफेची टर्बाइन फार वेगानं फिरते आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरायला हवा, या अडचणीवर त्यानं १९०५ मध्ये तेलातून शक्ती पोहोचवण्याचं पेटंट घेतलं. अमेरिकेत १९४०च्या ओल्ड्समोबाइलमध्ये हायड्रा-मॅटिक गिअरबॉक्स आला, पण त्यात फ्लुइड कपलिंगच होतं. ब्युइकच्या डायनाफ्लोनं १९४८ मध्ये टॉर्क कन्व्हर्टर सर्वसाधारण गिऱ्हाइकाच्या गाडीत आणला. १९५० मध्ये शेवरलेटचा दोन गिअरचा पॉवरग्लाइड आला आणि हे यंत्र मध्यमवर्गीय अमेरिकन घरांपर्यंत पोहोचलं.

आज अमेरिकेतल्या गॅरेजमध्ये नेहमी दिसणारा एक बदल म्हणजे पॉवरग्लाइड काढून त्या जागी १९६९ साली आलेला तीन गिअरचा टर्बो-हायड्रामॅटिक ३५० बसवणं. आखूड शेपटीचा ३५० लांबीला पॉवरग्लाइडइतकाच भरतो, म्हणून मागचा प्रोपेलर शाफ्ट बहुधा तसाच चालतो. एवढं जुळलं की लोकांना वाटतं, सगळंच जुळेल. पण दोन्ही गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचे दाते वेगळे असतात, त्यामुळे एकाचा कन्व्हर्टर दुसऱ्याला चालत नाही. हे लगेच लक्षात येतं. पुढची चूक मात्र लक्षात येत नाही.

कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या तोंडात सरकवताना त्याला तीन ठिकाणी एकात एक बसायचं असतं. एक, टर्बाइनचे दाते आणि इनपुट शाफ्टचे दाते. दोन, स्टेटरचे दाते आणि पंपातून बाहेर आलेल्या स्थिर नळीवरचे दाते. तीन, कन्व्हर्टरच्या मानेवरच्या दोन खाचा आणि तेलपंपाच्या आतल्या गिअरवरची दोन टोकं. पहिले दोन टप्पे जवळजवळ आपोआप जुळतात. तिसरा जुळत नाही, आणि बसवणारा फसतो तो इथेच.

जाणता मेकॅनिक हे काम करताना नीट बघावं. गिअरबॉक्स शक्य तर शेपटीवर उभा केलेला असतो, म्हणजे वजन त्याच्या बाजूनं काम करतं. मानेला आणि सीलच्या ओठाला तो स्वच्छ तेल लावतो. कन्व्हर्टरमध्ये लिटरभर तेल आधीच ओततो. मग दोन्ही तळवे कडेला टेकवून भांडं फिरवत, किंचित डोलवत, आत दाबत राहतो. पहिल्यांदा ‘खट्’ होतं, भांडं थोडं खाली जातं. पुन्हा ‘खट्’. नवशिक्या इथे थांबतो, कारण भांडं आता घट्ट बसल्यासारखं वाटतं. जाणता फिरवतच राहतो, कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. मग तिसरा ठोका होतो. हा बोटांना आधी कळतो आणि कानाला नंतर. भांडं आणखी सुमारे अर्धा इंच आत जातं. त्यानंतर तो बेल हाऊसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या भागाच्या, तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेवून कन्व्हर्टरचे बोल्टचे कान किती आत गेलेत ते मोजतो. ३५० मध्ये हे माप इंचाहून थोडं जास्त भरायला हवं. कान तोंडाच्या जवळजवळ पातळीत दिसले, तर तिसरा टप्पा राहिला आहे.

पण टेबलावर नीट बसलेला कन्व्हर्टर गाडीखालीही नीट राहील याची खात्री नसते. जॅकवर चढवताना गिअरबॉक्सचं तोंड खाली झुकलं की भांडं एक टप्पा पुढे घसरतं आणि कोणाला कळतही नाही. म्हणून बेल हाऊसिंगच्या तोंडावर आडवी लोखंडी पट्टी बांधून ते अडवून ठेवायचं.

आता खरी परीक्षा. बेल हाऊसिंग इंजिनच्या दोन डॉवेल पिनांवर हातानं सरकवून ब्लॉकला पूर्ण चिकटायला हवं. मध्ये अर्धा-पाऊण इंच फट राहिली आणि ‘बोल्टनं ओढून घेऊ’ असं कोणी म्हणालं, तर त्याचा हात धरावा. ती फट म्हणजेच न बसलेला तिसरा टप्पा. बोल्ट आवळले की पंपाच्या गिअरची टोकं तुटतात, कधी बेल हाऊसिंगचा ॲल्युमिनियमचा कान तडकतो. मग इंजिन सुरू केल्यावर पंप फिरत नाही किंवा किंचाळत फिरतो, तेलाला दाब नाही, गाडी पुढे नाही आणि मागेही नाही. गिअरबॉक्सचा पॅन उघडला की तेलात चकाकणारे कण दिसतात. आळ मात्र कन्व्हर्टरवर.

बेल हाऊसिंग हातानं चिकटलं, बोल्ट लागले, तरी कन्व्हर्टर अजून फ्लेक्सप्लेटला, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या पातळ चकतीला, जोडायचा नाही. तो मोकळा फिरतो का बघायचं आणि पूर्ण मागे ढकलून फ्लेक्सप्लेट आणि कान यांच्यातली फट मोजायची. ती १/८ ते ३/१६ इंच, म्हणजे सुमारे ३ ते ५ मिलिमीटर असावी. कन्व्हर्टर तेवढा पुढे ओढून बोल्ट लावला की पंपाच्या गिअरमागे मोकळी जागा उरते. ती लागतेच, कारण दाबानं आणि उष्णतेनं भांडं थोडं फुगतं. फट अजिबात नसेल तर तो फुगवटा पंपावर आणि क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो, आणि काही दिवसांत इंजिनच उघडायची वेळ येते. फट जास्त असेल तर कान आणि फ्लेक्सप्लेट यांच्यात सारख्या जाडीचे कडक वॉशर घालतात. नाहीतर कन्व्हर्टर फार पुढे येऊन खाचांची पकड कमी होते.

फ्लेक्सप्लेटही तपासावी लागते. शेवरलेटमध्ये तिच्या रिंगगिअरला १५३ किंवा १६८ दाते असतात आणि त्याप्रमाणे स्टार्टर बदलतो. कन्व्हर्टरच्या बोल्टची वर्तुळं दोन मापांची, पावणेअकरा आणि साडेअकरा इंची. १९८६ पासूनच्या छोट्या व्ही-८ इंजिनाचा मागचा सील एकसंध झाला आणि क्रँकवरची बोल्टची रचना बदलली, म्हणून जुन्या गाडीत नंतरचं इंजिन असेल तर जुनी प्लेट बसत नाही. ४०० घनइंची छोट्या इंजिनाला वजन लावलेली वेगळी प्लेट लागते. साधी लावली तर सगळी गाडी थरथरते, आणि लोक तेव्हाही कन्व्हर्टरचंच संतुलन बिघडलंय म्हणतात. आयडलवर इंजिनच्या मागून कनेक्टिंग रॉडसारखा ठकठक आवाज आला, तर इंजिन उतरवण्याआधी प्लेटचे बोल्ट सैल आहेत का आणि मधल्या भोकांभोवती तडा आहे का ते बघावं.

पहिल्यांदा सुरू करताना तेलाची घाई नको. पॅनमध्ये मावतं तेवढंच घालून इंजिन चालू ठेवलं तर कोरडं भांडं ते सगळं ओढून घेतं आणि पंप हवा ओढतो. आयडलवर चालवत तेल घालत राहायचं आणि इंजिन चालू असतानाच डिपस्टिक बघायची. क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइटला हे माप न्यूट्रलमध्ये घ्यावं लागतं, कारण पार्कमध्ये त्या गिअरबॉक्सचा कन्व्हर्टर भरत नाही. आणि जुनी गाडी महिनाभर उभी असेल तर कन्व्हर्टरमधलं तेल निथळून पॅनमध्ये येतं. पहिल्या दिवशी गिअर पकडायला वेळ लागला म्हणून नवा कन्व्हर्टर मागवू नये, दोन मिनिटं थांबावं.

खरोखरचा बिघडलेला कन्व्हर्टर ओळखायची खूण स्टेटरपाशी आहे. त्याचा एकदिशी क्लच घसरत असेल तर गाडी जागची उठताना मरगळलेली असते, पण हायवेवर बरी चालते. उलट तो जाम झाला असेल तर सुरुवात झकास होते, वेग मात्र चढत नाही आणि तेल तापतं. पूर्ण ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकत्र दाबून केलेली स्टॉल चाचणी पाच सेकंदांपलीकडे नेऊ नये. गाडी थांबलेली असताना इंजिनची सगळी शक्ती तेल तापवण्यात जाते.

मुंबईशी या गाड्यांचं जुनं नातं आहे. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये शिवडीत गाड्या जोडायला सुरुवात केली आणि १९५४ पर्यंत ते काम चाललं. पण आपल्या रस्त्यांवरच्या जुन्या गाड्या बहुतेक क्लचवाल्या, त्यामुळे जुन्या ऑटोमॅटिकवर हात बसलेले मेकॅनिक इथे कमी. अशी गाडी असेल तर काम सोपवण्याआधी मेकॅनिकला एवढंच विचारावं, ‘फ्लेक्सप्लेट जोडण्याआधी फट किती ठेवता?’ तो मिलिमीटरमध्ये किंवा इंचात उत्तर देत असेल तर गाडी त्याच्याकडे सोडायला हरकत नाही. ‘बोल्ट आवळले की बसतं बरोबर’ असं म्हणाला, तर दुसरं गॅरेज शोधावं.