दोन गिटारी, दोन माणसं

जर्मनीतल्या लाउडा-क्योनिग्सहोफेन या छोट्या गावात ‘कीप इट ट्रू’ हा हेवी मेटलचा महोत्सव भरतो. सभागृहात मावतील एवढ्याच, साधारण दोन हजार माणसांचा. जगभरातून आलेल्या या मंडळींच्या अंगात बिनबाह्यांची डेनिम जाकिटं असतात आणि त्यांवर बँडांच्या नावांचे बिल्ले इतके दाटीनं शिवलेले असतात की मूळ कापड शोधावं लागतं. १९८०च्या सुमारास ब्रिटनमध्ये घडलेली हेवी मेटलची ही शैली आज नव्या दमाचे बँड हौसेनं वाजवतात. स्वीडनमधल्या आर्विकाचा एन्फोर्सर, टोरांटोचा स्कल फिस्ट ही त्यातली ठळक नावं. चाळीसएक वर्षांपूर्वीची ही घडण नव्या पोरांना का सोडवत नाही? गतकाळाचं प्रेम हे त्याचं एक कारण झालं. दुसरं कारण ध्वनीच्या भौतिकशास्त्रात आहे आणि ते कळल्यावर मी तर थक्कच झालो.

या संगीताचा कणा म्हणजे पॉवर कॉर्ड. त्यात असतात फक्त षड्ज आणि पंचम, तंबोऱ्यावर आपल्या कानात मुरलेली जोडी. समजा षड्जाची तार सेकंदाला ११० वेळा कंप पावते, तर पंचमाची १६५ वेळा. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरवर क्षमतेपेक्षा जास्त भार टाकला की ध्वनिलहरींचे माथे चेपले जातात आणि स्वर खरखरीत, धारदार होतो. याच चेपण्यात दोन्ही स्वरांच्या फरकातून तिसरा स्वर जन्मतो: १६५ वजा ११०, म्हणजे ५५. हा षड्जाच्या बरोबर एक सप्तक खाली बसतो. नेहमीच्या जुळणीत गिटारची सर्वांत जाड तारही ८२च्या खाली उतरत नाही. म्हणजे छातीवर आदळणारा तो खर्ज कोणीही छेडलेला नसतो!

आता पंचमाच्या जागी गंधार घ्या. पाश्चात्त्य जुळणीत त्याची कंपनं साधारण १३८.६. फरक उरतो २८.६. तो षड्जाशी नीट जुळत नाही आणि त्याच्यासारखी आणखी बेसूर पिलावळ जमून सगळा नाद गढूळ होतो. मग गंधाराचा गोडवा या धारदार आवाजात आणायचा कसा?

उपाय साधा, पण विलक्षण आहे. दोन वादक घ्या, दोन अ‍ॅम्प्लिफायर घ्या. एकानं मूळ सुरावट वाजवायची, दुसऱ्यानं तीच गंधारावरून. प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरच्या वाट्याला एकच स्वर येतो, त्यामुळे धार राहते आणि गढूळपणा टळतो. दोन्ही स्वर भेटतात ते थेट सभागृहाच्या हवेत. विशबोन अ‍ॅश आणि थिन लिझी यांनी रॉकमध्ये रुळवलेली ही जोडगिटार जूडास प्रीस्ट आणि आयर्न मेडन यांनी मेटलच्या वेगाला नेऊन भिडवली.

मैफलीत म्हणूनच तो क्षण पाहण्यासारखा असतो. गायक बाजूला होतो, दोन्ही गिटारवाले खांद्याला खांदा लावून पुढे येतात. नजर एकमेकांच्या डाव्या हातावर. तार बोटानं ओढून स्वर चढवताना दोघांची ओढ तंतोतंत जमावी लागते. जरा कमी-जास्त झालं की त्या गंधाराचा गोडवा आंबलाच. खाली ढोल आणि बास एक दीर्घ, दोन ऱ्हस्व अशा दौडत्या ठेक्यात धावत असतात, त्यामुळे सावरायला उसंत नसते.

१९९८मध्ये सुरू झालेला बंगळुरूचा क्रिप्टॉस हा बँडही दोन गिटारींच्या याच वाटेनं चालत २०१३मध्ये जर्मनीतल्या वाकेनच्या विराट महोत्सवापर्यंत पोहोचला. अशी मैफल जवळपास असेल तर जरूर जा आणि मंचासमोर मधोमध उभे राहा. स्टुडिओत एकटा माणूस दोन्ही सुरावटी आळीपाळीनं ध्वनिमुद्रित करू शकतो. मंचावर मात्र एकमेकांचं ऐकणारी दोन माणसं लागतात, आणि ही जुनी शैली प्रत्येक नव्या पिढीला तेच ऐकणं शिकायला लावते.