रामघाटावरची वही आणि परदेशची वाट

उज्जैनीस रामघाटावर, क्षिप्रेच्या काठी, तीर्थपुरोहितांच्या वह्या आजही उघडल्या जातात. आडनाव व मूळ गाव सांगावे आणि पुरोहितांनी आजे-पणज्यांची नावे वाचून दाखवावीत. अठराव्या शतकात, राणोजी शिंद्यांच्या काळात माळव्यात आलेल्या मराठी घराण्यांना आपले मूळ पटविण्यास असा लेखी आधार पुरत असे.

आता मुले परदेशी निघतात, तेव्हा साक्ष द्यावी लागते ती सरकारी कागदांची. शिंद्यांचे 'सिंधिया' झाले ते इतिहासाने पचविले. परंतु शाळेच्या दाखल्यावर एक आणि पारपत्रावर दुसरे आडनाव असले, तर व्हिसाची कचेरी अडून बसते.

यास्तव आम्ही सुचवितो की, निघण्याच्या सहा महिने आधी जन्मदाखला, विवाहाचे प्रमाणपत्र व पदव्या समोर मांडून नावाची इंग्रजी अक्षरे ताडून पाहावीत. जन्माची नोंद राहिली असल्यास जन्मस्थळाच्या निबंधकाकडे अर्ज करावा. वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो व त्यात दिवस मोडतात. हेग करारातील देशांसाठी कागदांवर परराष्ट्र मंत्रालयाचे 'अपोस्टिल' घ्यावे; भारतात ही सोय २००५ पासून आहे. अन्य देशांसाठी त्या त्या वकिलातीचे साक्षांकन लागते. अस्सल कागद प्रवासात हातच्या पिशवीतच असावेत.

इतके झाल्यावर रामघाटावर जाऊन नवा पत्ता वहीत अवश्य लिहवून घ्यावा. प्रौढांच्या पारपत्राची मुदत दहा वर्षांची. नातवंडे आपले मूळ शोधीत येतील, तेव्हा ही नोंदच त्यांना वाट दाखवील.