पाळीव पोपटांतील लिंगओळख व प्रजननकालीन वर्तन

पाळीव पोपट नर आहे की मादी हे ठरविणे, तसेच विणीच्या काळात संप्रेरकांच्या प्रभावाने त्याच्या वागण्यात होणारे बदल ओळखणे, हा पक्षिपालनातील व्यवहाराचा विषय आहे. सस्तन प्राण्यांप्रमाणे पोपटांना बाहेरून दिसणारी जननेंद्रिये नसतात. त्यामुळे लिंग ठरविण्यासाठी पिसांचा रंग, चोचीच्या मुळाजवळील त्वचा, गुणसूत्रांची तपासणी किंवा प्रत्यक्ष अंडे घालणे अशा गोष्टींचा आधार घ्यावा लागतो. लिंग न कळल्याने मादीच्या पोटात अडकलेले अंडे वेळीच लक्षात येत नाही, आणि विणीच्या काळातील चिडचिडेपणाला दुष्टपणा समजून वर्षानुवर्षे सांभाळलेला पक्षी घराबाहेर काढला जातो. भारतीय जातीचे पोपट पाळण्यास कायद्याने बंदी आहे. त्यामुळे पुढील माहितीपैकी देशी पोपटांविषयीचा भाग पक्षिनिरीक्षण व सुटका केलेल्या पक्ष्यांची देखभाल यांसाठी, तर उर्वरित भाग बजरी, कॉकाटील यांसारख्या विदेशी पक्ष्यांच्या पालनासाठी उपयोगी आहे.

नावे व रूढ समजुती

मराठीत पोपटाला राघू, रावा, कीर, शुक अशी नावे आहेत. लोकभाषेत 'राघू' हा नर व 'मैना' ही त्याची मादी अशी जोडी ठरून गेली आहे. ओव्यांत आणि लाडाच्या बोलण्यात ती सर्रास आढळते. वास्तविक मैना हा साळुंकीच्या कुळातील निराळाच पक्षी असून त्याचा पोपटाशी काहीही संबंध नाही. संस्कृत वाङ्मयातील 'शुक-सारिका' या जोडीतही शुक म्हणजे पोपट व सारिका म्हणजे मैना होय. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांमध्ये शुक-सारिकांना बोलावयास शिकविणे ही एक कला गणली आहे. दोन्ही पक्षी बोलतात आणि दोन्ही पिंजऱ्यात ठेवले जात, एवढ्या साम्यावरून कवींनी त्यांचे लग्न लावून दिले असावे. भाषेला ते शोभते, परंतु मादी पोपटाला मैना म्हटल्याने जीवशास्त्रात गोंधळ होतो.

'लाल चोचीचा तो नर' आणि 'बोलतो तो नर' या दोन समजुतीही प्रचलित आहेत. कीर पोपटात नर व मादी दोघांचीही चोच लाल असते आणि दोघेही बोलावयास शिकतात. बजरी व कॉकाटील या विदेशी जातींत मात्र शीळ घालणे व शब्दांची नक्कल करणे नरांमध्ये अधिक आढळते.

मराठवाड्यातील पोपट

नांदेड व लातूर जिल्ह्यांत गावोगाव दिसणारा पोपट म्हणजे कीर पोपट होय. शास्त्रीय नामावलीत तो सिटाक्युला क्रामेरी या नावाने ओळखला जातो. लांब शेपटीसह त्याची लांबी सुमारे 40 सेंटिमीटर भरते. ज्वारीची कणसे हुरड्यात आली की त्याचे थवे शेतात उतरतात. करडईच्या बोंडांतील दाणेही तो कातरतो. माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकणे हे या भागातील रब्बीच्या दिवसांतले जुने काम आहे, आणि त्या पाखरांत पोपटाचा मान पहिला. वड, लिंब, आंबा अशा जुन्या झाडांच्या ढोलीत आणि पडक्या भिंतींच्या भेगांत तो घरटे करतो. कंधार, औसा, उदगीर येथील भुईकोट किल्ल्यांसारख्या जुन्या दगडी बांधकामांत अशा भेगांची वाण नसते.

भारतात या जातीची वीण स्थूलमानाने डिसेंबर ते मे या काळात होते. मादी साधारणपणे चार ते सहा पांढरी अंडी घालते व सुमारे तीन आठवड्यांनी पिले बाहेर येतात. याच दिवसांत ढोलीतून पिले काढून ती विकण्याचा बेकायदेशीर धंदा चालतो. विकणारा प्रत्येक पिलाला 'बोलणारा राघू' म्हणतो. परंतु त्या वयात नर-मादी डोळ्यांनी ओळखणे शक्यच नसते.

बाह्य लक्षणांवरून ओळख

कीर पोपटाच्या प्रौढ नराच्या गळ्याभोवती काळी व गुलाबी कंठपट्टी असते. मादीला ती नसते, किंवा फार तर हिरवट फिकट छटा जाणवते. पट्टी उमटण्यास दीड ते तीन वर्षे लागतात. तोपर्यंत नराचे पिलू मादीसारखेच दिसते. म्हणून कंठ आला तर पक्षी नर आहे हे निश्चित. मात्र तीन वर्षे होईपर्यंत कंठ नाही म्हणून मादी असा निष्कर्ष काढता येत नाही. रंगभेद केलेल्या पैदाशीत पिवळ्या नराची पट्टी केवळ गुलाबी असते, तर निळ्या नराच्या पट्टीत काळ्यासोबत पांढरट रंग दिसतो.

पहाडी पोपट हा आकाराने मोठा व जाड चोचीचा असतो. त्याच्या खांद्यावरील तांबडा डाग नर-मादी दोघांनाही असल्यामुळे त्यावरून लिंग ठरत नाही. येथेही कंठपट्टीच पाहावी लागते. जांभळट-लाल डोक्याच्या लहान पोपटात भेद अधिक स्पष्ट आहे. नराचे डोके पिकलेल्या आलुबुखारासारखे व खांद्यावर तांबडा डाग, तर मादीचे डोके राखाडी-निळसर व गळ्याशी पिवळसर पट्टा असतो.

बाजारात ज्यांना सरसकट 'लव्ह बर्ड' म्हणतात ते छोटे रंगीत पक्षी बहुधा ऑस्ट्रेलियातील बजरी असतात. खरे लव्ह बर्ड आफ्रिकेतील असून त्यांची बांधणी ठेंगणी व शेपटी आखूड असते. बजरीत नाकपुड्यांभोवतीच्या मऊ त्वचेचा रंग हे मुख्य लक्षण आहे. प्रौढ नरात ती निळी, मादीत फिकट निळसर-पांढरी किंवा तपकिरी असते, आणि विणीच्या काळात मादीची त्वचा गडद तपकिरी व खरखरीत होते. पिवळ्या, पांढऱ्या व काही कबऱ्या जातींच्या नरांत ती आयुष्यभर गुलाबी-जांभळटच राहत असल्यामुळे तेथे ही खूण चालत नाही. एखाद्या निळ्या नाकाच्या नराची त्वचा हळूहळू तपकिरी होऊ लागली, तर त्याचे लिंग बदलले असे समजू नये. वृषणात गाठ होऊन स्त्रीसंप्रेरक वाढल्याचे ते लक्षण असू शकते आणि पशुवैद्यकास दाखविणे आवश्यक ठरते.

राखाडी कॉकाटीलमध्ये प्रौढ नराचा चेहरा ठळक पिवळा होतो व शेपटीच्या खालच्या बाजूचे आडवे पट्टे नाहीसे होतात. मादीत पट्टे टिकतात. हा फरक पहिल्यांदा पिसे बदलल्यानंतरच कळतो. आफ्रिकी करडा पोपट व बहुतेक लव्ह बर्ड यांच्यात नर-मादी सारखेच दिसतात. याच्या अगदी उलट उदाहरण न्यू गिनी परिसरातील एक्लेक्टस पोपटाचे आहे. त्यातील नर हिरवा व मादी लाल-जांभळी असल्यामुळे अभ्यासकांनी दीर्घकाळ त्यांना दोन वेगळ्या जाती मानले होते.

काही पालक मादीची कटिरास्थी रुंद असते या समजुतीने बोटांनी हाडांमधील अंतर चाचपून लिंग सांगतात. वय, आहार व विणीचा काळ यांनुसार हे अंतर बदलत असल्याने ही पद्धत भरवशाची नाही, आणि अननुभवी हातांनी दाबल्यास पक्ष्याला इजाही होते.

गुणसूत्रे व प्रयोगशाळेतील तपासणी

माणसात पुरुषाची लिंगगुणसूत्रे भिन्न (एक्स-वाय) व स्त्रीची समान (एक्स-एक्स) असतात. पक्ष्यांत हे उलट आहे. नराकडे दोन समान 'झेड' गुणसूत्रे, तर मादीकडे एक 'झेड' व एक 'डब्ल्यू' असते. म्हणजे पक्ष्यांत अपत्याचे लिंग आईकडून ठरते. सीएचडी-1 नावाचे जनुक झेड व डब्ल्यू या दोन्ही गुणसूत्रांवर असते, पण त्यातील काही भागांची लांबी दोन्हींत वेगळी असते. ताज्या उपटलेल्या पिसाच्या मुळातील किंवा रक्ताच्या थेंबातील डीएनएवर पॉलिमरेझ शृंखला अभिक्रिया केल्यास नराच्या नमुन्यात एक पट्टा व मादीच्या नमुन्यात दोन पट्टे दिसतात. आपोआप गळून पडलेल्या पिसात पुरेशा पेशी नसल्यामुळे ते सहसा उपयोगी पडत नाही. पिलांचे लिंगही या तपासणीने समजते. पूर्वी भूल देऊन दुर्बिणीने पोटातील वृषण किंवा अंडाशय पाहत असत. आता केवळ लिंग जाणण्यासाठी त्याची गरज राहिलेली नाही.

पिसांचा पिवळा रंग आणणारे जनुक बजरी, कॉकाटील व कीर पोपटांत झेड गुणसूत्रावर असते. पिवळ्या नराचा संकर शुद्ध रंगाच्या साध्या मादीशी झाला, तर सर्व पिवळी पिले माद्या व सर्व साध्या रंगाची पिले नर निघतात. मादीला एकच झेड मिळते व ते पित्याकडून येते, हे त्याचे कारण. आनुवंशिकता शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना लिंगसंलग्न गुणधर्माचे यापेक्षा सोपे उदाहरण मिळणे कठीण आहे.

प्रजननकालीन वर्तनाची कारणे

पक्ष्यांच्या पातळ कवटीतून आत शिरणारा प्रकाश मेंदूच्या खोल भागातील प्रकाशसंवेदी पेशींपर्यंत पोहोचतो. दिवस मोठा होऊ लागला की अधश्चेतकातून स्रवणारी संप्रेरके पीयूषिका ग्रंथीला चालना देतात, आणि तिच्या संप्रेरकांमुळे वृषण किंवा अंडाशय वाढू लागते. हंगाम संपल्यावर हे अवयव पुन्हा आक्रसतात. बहुतेक पक्षिमाद्यांत केवळ डावे अंडाशय कार्यरत असते. प्रकाशाखेरीज मुबलक अन्न, पाऊस, जोडीदार व घरट्याजोगी जागा यांचाही परिणाम होतो. कोरड्या ऑस्ट्रेलियात वाढलेला बजरी तर महिने पाहत नाही. पाऊस पडून गवताचे बी आले की तो वीण सुरू करतो.

नांदेड-लातूरच्या अक्षांशावर वर्षातील सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा व सर्वांत मोठा सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. घरातील पिंजऱ्यावर मात्र पहाटेपासून रात्री अकरा-बारापर्यंत दिवा व दूरचित्रवाणीचा प्रकाश पडत राहिला, तर त्या पक्ष्याचा दिवस सतरा-अठरा तासांचा होतो. त्यात वाटी नेहमी भरलेली, पिंजऱ्यात आरसा आणि मालकाचा हात सतत पाठीवर. निसर्गात काही आठवडे टिकणारी अवस्था अशा घरात वर्षभर चालू राहते.

वर्तनातील लक्षणे

नर मान वरखाली करून खाल्लेले दाणे पोटातून परत आणतो व जोडीदाराला भरवितो. एकटा पाळलेला पक्षी हेच मालकाच्या बोटाशी किंवा आरशाशी करतो. ही उलटी नव्हे. उलटीत पक्षी डोके झटकतो, दाणे इतस्ततः उडतात, डोक्याची पिसे चिकट होतात व पक्षी मरगळलेला दिसतो. कीर पोपटाचा नर डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या करतो, पाय उचलतो, ताठ उभा राहतो. मादी अंग खाली दाबून शेपटी वर उचलते, पंख थरथरवते, कागद कुरतडते आणि कपाटाखाली, उशीमागे किंवा खोक्यात शिरू पाहते. दोघेही जागेवरून भांडतात, ओरडतात व चावतात. कीर पोपटात जोडीवर वर्चस्व बहुधा मादीचे असते, त्यामुळे आक्रमकपणावरून 'हा नर असणार' असा तर्क चुकतो.

खेड्यात याला गुराढोरांवरून 'माजावर आला' म्हणतात. शब्द ओबडधोबड असला तरी नेमका आहे, कारण तो अवस्था सांगतो, स्वभाव नव्हे. मराठवाड्यातील एप्रिल-मेच्या उन्हात मात्र चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकणारा पक्षी माजावर नसून उष्माघाताच्या वाटेवर असतो. त्याला तत्काळ सावली, वारा व पाणी लागते.

मादीला होणारे धोके

नर नसतानाही मादी अंडी घालू शकते. ती अफलित असतात. एक अंडे काढून टाकले की दुसरे घालण्याची प्रवृत्ती काही माद्यांत असते. त्यामुळे अंडी लगेच न हलविता तिचा उबविण्यातील रस संपेपर्यंत राहू देणे हितावह ठरते. कवच बनविण्यास चुना लागतो. केवळ बाजरी, राळे किंवा सूर्यफुलाच्या बियांवर पोसलेल्या मादीच्या हाडांतील चुना कमी होतो आणि स्नायू दुबळे पडून अंडे आतच अडकते. मादी पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसते, जोर करते, श्वासागणिक शेपटी हलते. अशा वेळी तेल लावून पोट दाबण्याचा घरगुती उपाय करू नये. अंडे फुटल्यास मृत्यू ओढवतो. पक्ष्याला उबेत ठेवून काही तासांच्या आत पशुवैद्यकाकडे न्यावे लागते. या परिसरात उदगीर व परभणी येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत.

निगा

सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे अंधार. दररोज दहा ते बारा तास शांत, काळोख्या जागी झोप मिळाल्यास बहुतेक पक्षी काही आठवड्यांत निवळतात. उन्हाळ्यात पिंजऱ्यावर जाड कापड टाकण्यापेक्षा तो हवेशीर अंधाऱ्या खोलीत हलविणे बरे. आरसा, खोके, मडके व कागदाचे ढिगारे काढून घ्यावे लागतात. कुरवाळणे डोके व मानेपुरते ठेवावे. पाठ, पंखांखालचा भाग व शेपटीचे मूळ यांना केलेला स्पर्श पक्ष्याला जोडीदाराचा वाटतो. मऊ, गरम व गोड खाणे या काळात कमी करून पालेभाजी, शेवग्याचा पाला व समुद्रफेणी द्यावी. चावल्याबद्दल मारणे किंवा पाणी शिंपडणे निरर्थक आहे. त्याने माज उतरत नाही, माणसावरचा विश्वास तेवढा जातो.

कायदेशीर स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार कीर, पहाडी इत्यादी देशी पोपट पकडणे, विकणे, विकत घेणे व पिंजऱ्यात बाळगणे हा गुन्हा आहे. विदेशी पोपटांपैकी बहुतेक जाती वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या 'साइट्स' कराराच्या परिशिष्टांत येतात. बजरी, कॉकाटील व गुलाबी चेहऱ्याचा लव्ह बर्ड यांना त्यातून वगळलेले आहे. परिशिष्टांतील जिवंत प्राण्यांची नोंदणी करण्याचे नियम केंद्र शासनाने 2024 मध्ये लागू केले असून नोंदणी 'परिवेश' या संकेतस्थळावर करावी लागते.

अनेक घरांत कायदा ठाऊक नसताना आणलेला, हातावर वाढलेला कीर पोपट आजही असतो. त्याला गच्चीवरून उडवून देणे ही सुटका नव्हे. न वापरलेल्या पंखांत बळ नसते, अन्न शोधणे त्याला येत नाही आणि घार, मांजर किंवा कावळ्यांच्या हाती तो लवकर लागतो. असा पक्षी वन विभागाकडे सोपवावा. महाराष्ट्र वन विभागाचा मदत क्रमांक 1926 आहे. पक्ष्याचे अंदाजे वय, आजवरचा आहार व अंडी घातली असल्यास त्याची माहिती सोबत दिल्यास पुढील देखभाल करणाऱ्यांचे काम सोपे होते.