एकच चाल, दोन भाषा : चिकोडीतून ऐकलेले मराठी अल्बम

गाण्यांच्या अल्बमचे परीक्षण बहुधा भाषेच्या कप्प्यात बसून होते. मराठी अल्बम मराठी परीक्षकाकडे जातो, कन्नड अल्बम कन्नड परीक्षकाकडे. गाणी ऐकवणारी ॲपही श्रोत्याला प्रथम भाषा निवडायला लावतात आणि मग त्याच भाषेतील गाणी पुढे करीत राहतात. मुंबई-पुण्यात किंवा बंगळुरूत ही वाटणी फारशी खटकत नाही. बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी-निपाणीच्या पट्ट्यात मात्र ती टिकत नाही. घरात मराठी आणि बाजारात कन्नड, किंवा याच्या उलट, असा व्यवहार असलेल्या या भागात एकच चाल दोन्ही भाषांतून कानावर पडते. म्हणूनच गेल्या दीड दशकात गाजलेले मराठी अल्बम येथून ऐकले, तर त्यांचे गुण आणि उणिवा निराळ्या प्रकाशात दिसतात.

चोर्ला घाटाने बेळगावला जाणाऱ्या गोमंतकीयाला शहर ओळखीचे असते. चिकोडी त्याच्याही उत्तरेला आहे. पुणे-बंगळुरू महामार्गावरील तंबाखूच्या व्यापाराचे निपाणी आणि पलीकडचे कागल यांच्यामध्ये आज राज्याची सीमा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन हा भाग मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि त्यावरील वाद अजून सर्वोच्च न्यायालयात आहे. संगीताचा नकाशा मात्र या रेषेहून जुना आहे. मिरज-लोंढा लोहमार्गावर ‘चिकोडी रोड’ नावाचे स्थानक आहे. या मार्गाच्या एका टोकाला मिरज, म्हणजे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी वास्तव्यासाठी निवडलेले आणि सतार-तंबोऱ्याच्या कारागिरीसाठी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलेले गाव. दक्षिणेला धारवाड-हुबळीचा परिसर, म्हणजे मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगुबाई हनगल यांची भूमी. मध्ये बेळगावजवळचे सुळेभावी, जेथे ८ एप्रिल १९२४ रोजी कुमार गंधर्वांचा जन्म झाला.

या भागाला दोन भाषांतील गाणे एकाच गळ्यातून ऐकण्याची सवय फार आधीपासून आहे. तिचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे पंडित भीमसेन जोशी. राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांनी बांधलेल्या चालींतील त्यांचे अभंग मराठी घरात पोचले, तर पुरंदरदास आणि इतर हरिदासांची पदे ‘दासवाणी’ म्हणून कन्नड घरात. पुरंदरदासांच्या पदांच्या शेवटी ‘पुरंदर विठ्ठल’ ही नाममुद्रा येते. म्हणजे दैवत पंढरपूरचेच. बदलते ती भाषा आणि ध्वनिमुद्रिकेवरील चिठ्ठी. कॅसेटच्या दुकानात हे दोन संच वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवले जात, पण सीमाभागातील ऐकणाऱ्याच्या लेखी ते एकाच गायकाचे एकच काम होते. पुढे आलेल्या अल्बमकडे पाहण्याची कसोटी येथूनच मिळते. अल्बमने या मातीतून काय घेतले, घेतलेल्याचे काय केले आणि ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव ठेवले का, हे तीन प्रश्न येथे विचारावे लागतात.

पहिला अल्बम चित्रपटगीतांचा. राजीव पाटील दिग्दर्शित ‘जोगवा’ २००९ मध्ये प्रदर्शित झाला. संगीत अजय-अतुल यांचे, गीते संजय कृष्णाजी पाटील यांची. २००८ या वर्षासाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत संगीत दिग्दर्शनाचा मान अजय-अतुल यांना आणि ‘जीव रंगला’ या गीतासाठी पार्श्वगायनाचा मान हरिहरन व श्रेया घोषाल यांना मिळाला. चित्रपटाचा विषय यल्लम्मेला वाहिलेल्या जोगते-जोगतिणींचा, आणि त्यामागे गडहिंग्लज परिसरातील जीवन लिहिणारे राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांचा आधार. यल्लम्मेचा डोंगर सौंदत्तीला, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातच आहे. मार्गशीर्षातील पौर्णिमेला कोल्हापूरकडचे भाविक या डोंगरावर जातात, तेव्हा त्यांची वाट निपाणीवरून जाते. चित्रपटाचे शीर्षक मराठी असले तरी त्यातील नाद दोन्ही भाषांच्या सामाईक मालकीचा आहे.

तो नाद ज्या वाद्यातून येतो ते चौंडके समजून घेतले की अल्बमचे मर्म उलगडते. लाकडाच्या पोकळ नळकांड्याचे एक तोंड कातड्याने मढवलेले असते. कातड्याच्या मध्यातून निघालेली तार दुसऱ्या हातात ताणून धरतात आणि काडीने छेडतात. ताण वाढवला की स्वर चढतो, सैल केला की उतरतो. त्यामुळे हे एकच वाद्य ताल आणि सुराचा हेलकावा दोन्ही देते. तो हेलकावा संवादिनीच्या पट्टीत नेमका बसत नाही. दोन स्वरांच्या मधल्या जागेतच त्याचा अर्थ असतो. मराठीत चौंडके आणि कन्नडमध्ये चौडिके या नावाने ते ओळखले जाते आणि दोन्ही भाषांत त्यावर यल्लम्मेची पदे गायिली जातात.

‘जोगवा’चे यश असे की त्याने हा नाद चित्रपटगृहात आणला आणि त्याला हसण्याचा विषय होऊ दिले नाही. समूहस्वर आणि तालवाद्यांच्या गजराने भरलेले ‘लल्लाटी भंडार’ आणि हळुवार ‘जीव रंगला’ यांच्यामधले अंतर हेच त्या माणसांच्या आयुष्यातले अंतर आहे : एकीकडे समाजाने लादलेली भक्ती, दुसरीकडे नाकारलेली प्रीती. परंतु मोठ्या वाद्यमेळात चौंडक्याचा खरखरीत, हलता स्वर गुळगुळीत होतो, हेही नोंदवले पाहिजे. डोंगराच्या पायऱ्यांवर एकट्या जोगतिणीच्या हातातले वाद्य जे सांगते, ते ध्वनिमुद्रणालयात सजावटीचा भाग बनते. देवाला मुली वाहण्याच्या प्रथेवर कर्नाटकाने १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ मध्ये कायदा केला. प्रथा संपलीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. मात्र तिच्या बळी ठरलेल्या स्त्रियांनी जपलेले गाणे त्यांच्या नावानिशी नोंदवून ठेवणे हे निराळे काम आहे, आणि चित्रपटाचा अल्बम ते करू शकत नाही.

दुसरा अल्बम ‘सैराट’. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी आला. अल्बममध्ये अवघी चार गाणी; त्यांच्यासाठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजमध्ये पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण झाले. करमाळ्याच्या रानातील बोली आणि तंतुवाद्यांचा विराट पट यांची सांगड हा त्या वेळी चर्चेचा विषय होता. सीमाभागासाठी खरी गोष्ट पुढच्या वर्षी घडली. २०१७ मध्ये याच कथेवर ‘मनसु मल्लिगे’ हा कन्नड चित्रपट आला. नायिका तीच, रिंकू राजगुरू, आणि संगीतही अजय-अतुल यांचेच. चिकोडीच्या श्रोत्यापुढे त्याच चाली दुसऱ्या भाषेत आल्या. २०१८ च्या हिंदी ‘धडक’मध्येही त्यांतील काही पुन्हा वापरल्या गेल्या.

चाल तीच असताना गाणे वेगळे का वाटते, याचे उत्तर भाषेच्या घडणीत आहे. बोलताना मराठी शब्दाच्या शेवटचा अकार बहुधा गळतो आणि शब्द व्यंजनावर आपटून थांबतो. ‘झिंगाट’ या एका शब्दात हे स्पष्ट दिसते : शेवटचा ‘ट’ ढोलावर पडलेल्या टिपरूसारखा आहे. कन्नडमधील बहुतेक शब्द मात्र स्वरान्त असतात. त्यामुळे तालाच्या ज्या जागी मराठी गाणे तुटते, तेथे कन्नड गाणे घरंगळत पुढे जाते. मराठीत नाचाला उठवणारा झटका कन्नडमध्ये किंचित मऊ होतो. उलट प्रेमगीतातील लांब ओळींना कन्नडचे स्वरान्त शब्द अधिक सोयीचे ठरतात. एका भाषेत राहून हे लक्षात येत नाही. ज्याला दोन्ही भाषा कळतात त्यालाच चाल कोठे संपते आणि शब्द कोठे सुरू होतो ते दिसते. म्हणून ‘सैराट’चे पूर्ण परीक्षण करायचे तर ‘मनसु मल्लिगे’ शेजारी ठेवून ऐकावे.

तिसरा अल्बम नाट्यसंगीताचा आणि गोमंतकाच्या अधिक जवळचा. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. त्याला संगीत दिले होते मंगेशीच्या पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी, आणि खाँसाहेबांची भूमिका डॉ. वसंतराव देशपांडे यांची. २०१५ मध्ये सुबोध भावे यांनी त्यावर चित्रपट केला. शंकर-एहसान-लॉय यांनी अभिषेकींची काही पदे कायम ठेवून त्यांत नवी गाणी घातली. ‘अरुणि किरणी’ या नव्या गाण्यासाठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शास्त्रीय बैठकीचा अल्बम तरुण श्रोत्यांत इतका लोकप्रिय होणे ही त्या दशकातील विशेष घटना होती.

या अल्बमचे बळ गळ्यांत आहे. राहुल देशपांडे आणि महेश काळे यांच्या गायनात दोन घराण्यांचा संघर्ष केवळ कथेत न राहता आवाजात उतरतो. उणीव आहे ती अवकाशाची. नाट्यपद रंगभूमीवर दर प्रयोगाला नव्याने वाढत असे. प्रेक्षकांच्या दादेवर त्याचा विस्तार ठरे. चार-पाच मिनिटांच्या ध्वनिमुद्रणात तो विस्तार आधीच ठरवून बंद केलेला असतो. येथेही सीमाभागाचे एक ऋण दडलेले आहे. मराठी संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगलेल्या ‘संगीत शाकुंतल’पासून त्यांच्या नाटकांत साकी-दिंडीबरोबर कानडी पदांच्या चालीही आल्या. आज ज्याला अस्सल मराठी नाट्यसंगीत म्हणतात, त्याच्या पायातच दुसऱ्या भाषेचा सूर आहे.

या तिन्हींनंतर मात्र अल्बम हा प्रकारच आकसत चालला आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मावत. लाँगप्लेने ती मर्यादा वीस-बावीस मिनिटांवर नेली. कॅसेटने तासभराचा संच घरोघर नेला. आता स्पॉटिफायसारख्या सेवेत तीस सेकंद ऐकले की एक वादन मोजले जाते, त्यामुळे लांब प्रस्तावना संगीतकाराला परवडत नाही. २०२४ मध्ये संजू राठोड यांची ‘गुलाबी साडी’ आणि क्रेटेक्स व श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ गाजले ते एकेकटी गाणी म्हणूनच. दुसऱ्या बाजूला माळू निपनाळ यांचे ‘ना ड्रायव्हर’ हे उत्तर कर्नाटकी बोलीतील गाणे कोणत्याही मोठ्या चित्रपटाच्या आधाराविना यूट्यूबवरून घराघरांत गेले. बंगळुरूच्या प्रमाण कन्नडऐवजी बेळगाव-विजापूरकडची भाषा हेच त्याचे बळ. ‘सैराट’ने मराठीत बोलीला जे स्थान दिले, तेच येथे कन्नडमध्ये घडले आहे, आणि म्हणून ही गाणी एकत्र ऐकली पाहिजेत.

चिकोडी-निपाणीच्या मिरवणुकीत ती एकत्र वाजतातच. तेथे भाषेचा कप्पा मोडतो बेंजो. टाइपरायटरसारख्या कळांचे हे तंतुवाद्य जपानी ताइशोगोतोच्या वंशातले आहे. कोल्हापूर-निपाणीकडच्या बेंजो पार्टीने त्याला ध्वनिवर्धक, ताशा आणि ढोल जोडून वरातीचा राजा केले. बेंजोला शब्द नाहीत. त्यामुळे त्यावर मराठी, कन्नड आणि हिंदी चाली एकामागून एक येतात आणि नाचणारे थांबत नाहीत. शब्द काढून घेतल्यावरही जी चाल उभी राहते ती पक्की, अशी परीक्षा हे वाद्य नकळत घेत असते.

येथे एक गंभीर प्रश्न उरतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर स्वामित्वहक्क कायद्याने गीतकार आणि संगीतकारांना मानधनातील वाटा जपून ठेवण्याचा हक्क दिला. पण परंपरेने आलेल्या चालीला कर्ता नसतो, म्हणून तिचा मोबदला कोणाकडेच जात नाही. चौंडक्यावरची एखादी चाल संगीतकाराने उचलून सजवली, तर सजावटीचे हक्क नोंदले जातात. चाल ज्या गळ्यात जगली तो गळा अनामिक राहतो. कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर अल्बमच्या श्रेयनामावलीत वाद्याचे, त्याच्या वादकाचे आणि चाल जेथून आली त्या गावाचे व परंपरेचे नाव देण्यास कोणाची हरकत असू नये.

परीक्षकाचेही एक कर्तव्य येते. गाणे कानाला गोड लागले की नाही एवढ्यावर न थांबता ते कोठून आले, दुसऱ्या भाषेत ते आधी किंवा नंतर कसे गायिले गेले, हे त्याने शोधावे. गोमंतकात मराठी आणि कोकणी गाण्यांचे नाते असेच गुंतलेले आहे, त्यामुळे येथील श्रोत्याला ही दृष्टी परकी वाटण्याचे कारण नाही. सीमेवरचा वाद न्यायालयात जो काय लागायचा तो लागेल. यल्लम्मेच्या डोंगराकडे जाणारी पदे मात्र दोन्ही भाषांत सुरू आहेत, आणि ती गाणारी पिढी वृद्ध होत आहे. पुढच्या अल्बमने तिच्याकडून चाल घेण्याआधी तिचे नाव विचारून घ्यावे.